ईएसजीचा डेटा: पहिल्या वर्षी काय मोजायचं आणि तपासणीला काय दाखवायचं

मार्च संपत आला की चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड अशा औद्योगिक वसाहतींतल्या कितीतरी कारखान्यांत ईएसजीच्या, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार यांच्या आकड्यांची एक एक्सेल फाइल फिरू लागते. कॉर्पोरेट ऑफिसकडून आलेली, नाहीतर मोठ्या ग्राहक कंपनीकडून. वीज किती, डिझेल किती, पाणी किती, कचरा किती, अपघात किती, एकूण पगारात महिलांचा वाटा किती. फाइल फिरत फिरत शेवटी सेफ्टी किंवा मेंटेनन्सच्या माणसाकडे येते, किंवा नुकत्याच रुजू झालेल्या एखाद्या पर्यावरणशास्त्राच्या पदवीधराकडे. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधीच सांगून ठेवतो, आकडा काढणं हे यातलं सोपं काम. तोच आकडा सहा महिन्यांनी एखाद्या परक्या माणसाला फक्त तुमच्या कागदांवरून पुन्हा काढता यायला हवा, खरी मेहनत तिथे आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या परक्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत.

ही फाइल येते कुठून

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं १० मे २०२१ रोजी परिपत्रक काढून ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाच्या जबाबदारी आणि शाश्वततेच्या अहवालाचा नमुना आणला. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक झाला. त्याचा सांगाडा कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या नऊ तत्त्वांवर उभा आहे. पण नुसतं भरून देण्यावर सेबी थांबली नाही. १२ जुलै २०२३ च्या परिपत्रकात ‘बीआरएसआर कोअर’ नावाचा छोटा संच आला. त्यात नऊ विषय आहेत: हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कामगारांचं आरोग्य-सुरक्षा, स्त्री-पुरुष समतोल, सर्वसमावेशक विकास, ग्राहक-पुरवठादारांशी व्यवहार आणि व्यवसायातला खुलेपणा. या आकड्यांची स्वतंत्र तपासणी (‘अ‍ॅश्युरन्स’) करून घ्यायची. पहिल्या १५० कंपन्यांना २०२३-२४ पासून, २५० ना २०२४-२५ पासून, ५०० ना २०२५-२६ पासून आणि १००० ना २०२६-२७ पासून, असा टप्प्याटप्प्यानं विस्तार ठरला.

तुमची कंपनी शेअर बाजारात नसली तरी फाइल का येते? कारण मोठ्या कंपनीला तिच्या मूल्यसाखळीबद्दलही, म्हणजे पुरवठादार आणि ग्राहकांबद्दलही सांगायचं असतं. मार्च २०२५ मध्ये सेबीनं हा भाग सैल केला. मूल्यानुसार ज्यांच्याशी खरेदी किंवा विक्री २ टक्के किंवा त्याहून जास्त आहे अशाच भागीदारांचा विचार करायचा, तोही एकूण ७५ टक्के व्यवहारापर्यंत मर्यादित ठेवता येतो, आणि पहिल्या २५० कंपन्यांसाठी ही माहिती २०२५-२६ पासून ऐच्छिक आहे. त्याच परिपत्रकानं ‘अ‍ॅश्युरन्स’सोबत ‘असेसमेंट’चा पर्यायही दिला. पण ऐच्छिक म्हणून ग्राहक फाइल पाठवायचं थांबवेल असं धरून चालू नका. युरोपला नट-बोल्ट निर्यात करणाऱ्यांना तर कार्बन सीमाकराच्या व्यवस्थेमुळे ऑक्टोबर २०२३ पासूनच उत्सर्जनाचे आकडे मागितले जाऊ लागले आहेत.

पायरी पहिली: हद्द

एक्सेल उघडण्याआधी एक पानभर लिहून काढा की कोणत्या जागा मोजणार आणि कोणत्या नाही. प्लांट एक, प्लांट दोन, भाड्याचं गोदाम, पुण्यातलं ऑफिस, गेस्ट हाउस, अर्धवट बांधलेलं नवं शेड. जिथलं कामकाज तुमच्या हातात आहे त्या जागा आत, असा ‘ऑपरेशनल कंट्रोल’चा नियम बहुतेक कंपन्या धरतात. कंपनीनं वित्तीय नियंत्रणाचा नियम घेतला असेल तर तो पाळा. दोन्ही चालतात, मात्र वर्षाच्या मधे बदलायचं नाही.

वाद नेहमी कडेच्या गोष्टींवर होतो. कंत्राटदाराच्या बसचं डिझेल कोणाचं? बस त्याची, ड्रायव्हर त्याचा, डिझेल तोच भरतो, तर सहसा ते तुमच्या थेट उत्सर्जनात येत नाही, पुरवठा साखळीत जातं. कंपनीच्या मालकीच्या फोर्कलिफ्टचं डिझेल मात्र तुमचंच. भाड्याच्या ऑफिसचं वीजबिल भाड्यातच धरलेलं असेल तर मालकाकडून सब-मीटरचं रीडिंग मागा. नाहीच मिळालं तर क्षेत्रफळावरून अंदाज करा आणि तो अंदाज आहे असं त्याच ओळीत लिहा.

आणखी एक नाजूक जागा म्हणजे जॉबवर्क. हीट ट्रीटमेंट आधी आत होत होती, या वर्षी बाहेर दिली. तुमची वीज एकदम घटली आणि आलेख सुंदर दिसू लागला. तपासणारा हाच महिना उचलून कारण विचारेल, कारण उत्सर्जन कमी झालेलं नाही, कुंपणाबाहेर गेलं आहे. हद्दीच्या पानावर ही नोंद आधीच असेल तर पाच मिनिटांत विषय संपतो.

पायरी दुसरी: कोणता कागद कोणाकडे

सॉफ्टवेअरच्या डेमोला बसू नका, निदान पहिल्या वर्षी. आधी कारखान्यात फिरा. वीजबिल अकाउंट्सकडे, डीजीचं (डिझेल जनरेटरचं) लॉगबुक युटिलिटीकडे, डिझेलची आवक स्टोअरमध्ये, एसीत भरलेल्या गॅसचा सर्व्हिस रिपोर्ट अ‍ॅडमिनच्या फाइलला, टँकरच्या पावत्या सिक्युरिटी गेटवर, भंगाराच्या वजनकाट्याच्या पावत्या स्क्रॅप यार्डात, कंत्राटी कामगारांचं मस्टर कंत्राटदाराच्या सुपरवायझरकडे. अर्धा दिवस फिरलात की कुठला आकडा घट्ट उभा आहे आणि कुठला कोणाच्या तरी आठवणीवर टेकला आहे ते कळतं.

मग प्रत्येक आकड्यासाठी एक ओळ लिहा. कोण देणार, मूळ कागद कोणता, एकक कोणतं, महिन्याच्या कितव्या तारखेपर्यंत, आणि देणाऱ्याचा आकडा दुसरा कोण पाहणार. शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. पुढे तपासणीत सगळ्यात जास्त प्रश्न त्याच रकान्यावर येतात. लॉगबुक भरणारा आणि ते तपासून सही करणारा एकच माणूस असेल, तर त्या सहीला फारसा अर्थ उरत नाही.

पायरी तिसरी: वीज, आणि तिच्यातले चार खड्डे

बहुतेक इंजिनिअरिंग कारखान्यांत उत्सर्जनाचा सगळ्यात मोठा हिस्सा विजेचा असतो. म्हणून इथे वेळ घालवा, बाकीचं थोडं कमीजास्त चालेल.

पहिला खड्डा एककाचा. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांचं बिलिंग २०२० पासून केव्हीएएचवर होतं. अकाउंट्सनं बिलावरचा ठळक आकडा उचलून पाठवला तर तो केव्हीएएच असू शकतो. तुम्हाला हवेत केडब्ल्यूएच, म्हणजे नेहमीचं युनिट. पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, एकच्या जवळ असेल तर फरक थोडा, ढासळलेला असेल तर बराच.

दुसरा खड्डा सब-मीटरच्या गुणकाचा. पॅनलवरच्या मीटरचं रीडिंग सीटी-पीटीच्या (करंट आणि व्होल्टेज मीटरला झेपेल इतकं उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) प्रमाणानं गुणावं लागतं. सीटी बदलला आणि गुणक जुनाच राहिला, तर त्या महिन्यापासून पुढचे सगळे आकडे चुकतात, तेही इतक्या शिस्तीत की कुणाला शंका येत नाही.

तिसरा, छतावरच्या सोलरचा. नेट मीटरिंगच्या बिलावर निव्वळ युनिट दिसतात. तो तुमचा वापर नव्हे. ग्रिडकडून आलेली युनिट, सोलरनं तयार केलेली आणि ग्रिडला परत दिलेली अशी तिन्ही रीडिंग वेगळी मागवा. आलेली अधिक तयार झालेली वजा परत दिलेली, हा झाला वापर.

चौथा, डीजीचा. डीजीनं तयार केलेली युनिट आणि त्यासाठी जाळलेलं डिझेल, दोन्ही ऊर्जेच्या तक्त्यात घातलं की एकच ऊर्जा दोनदा मोजली जाते. डिझेल घ्या, डीजीची युनिट फक्त पडताळणीला ठेवा. लिटरमागे किती युनिट निघाली याचा महिनावार आकडा लावलात तर चुकलेली नोंद लगेच उघडी पडते. एखाद्या महिन्यात अचानक दुप्पट युनिट निघाली असतील तर डीजी सुधारलेला नसतो, डिझेलची एक आवक नोंदवायची राहिलेली असते.

बिलाचा कालावधी नेमका १ ते ३० असेलच असं नाही. मार्चचं बिल एप्रिलमध्ये येतं, आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. जो नियम धराल, तोच दोन्ही टोकांना लावा. एप्रिलच्या टोकाला बिलाची तारीख आणि मार्चच्या टोकाला वापराची तारीख घेतली की वर्ष अकरा किंवा तेरा महिन्यांचं होतं.

पायरी चौथी: युनिटमधून टनांत

हरितगृह वायूंचा हिशोब जगभर ‘जीएचजी प्रोटोकॉल’ या पद्धतीनं करतात. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि डब्ल्यूबीसीएसडी या दोन संस्थांनी ती तयार केली. स्कोप १ म्हणजे तुमच्या हद्दीत जळलेलं किंवा गळालेलं, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, स्कोप ३ म्हणजे बाकीची साखळी, पंधरा प्रकारांत विभागलेली. कोअरमध्ये पहिले दोनच येतात. पहिल्या वर्षी स्कोप ३ च्या मागे लागू नका. ग्राहकानं मागितलाच तर खरेदी केलेल्या मालापासून आणि वाहतुकीपासून सुरुवात करा.

समजा एका कारखान्यानं वर्षभरात ग्रिडची १२ लाख युनिट वापरली. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी भारतीय ग्रिडचा उत्सर्जन गुणांक जाहीर करतं. २०२३-२४ साठी तो युनिटमागे ०.७२७ किलो आहे. गुणाकार ८७२.४ टन. हा झाला स्कोप २. त्याआधीच्या वर्षाचा गुणांक ०.७१६ होता. म्हणजे एक युनिटही जास्त न वापरता त्याच कारखान्याचं उत्सर्जन सुमारे १३ टनांनी वाढलेलं दिसेल. व्यवस्थापनाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर बैठकीत तुमच्या ऊर्जाबचतीच्या कामावर उगाच पाणी पडेल. गुणांक कोणत्या आवृत्तीतून घेतला ते तक्त्यातच लिहा. विजेसोबत हरित ऊर्जेची प्रमाणपत्रं घेतली असतील तर ग्रिडच्या सरासरीचा आणि करारानुसारचा, असे दोन्ही आकडे ठेवा. एकात दुसरा मिसळू नका.

आता त्याच कारखान्याचा स्कोप १. डिझेल १५,००० लिटर. लिटरमागे ढोबळमानानं २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सुमारे ४० टन. कँटीनचा एलपीजी १,९०० किलो, किलोमागे जवळजवळ ३ किलो, म्हणजे साडेपाच टनांच्या वर. वेल्डिंगचा सीओटू हा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्यांकडे हमखास सुटतो, कारण तो जळत नाही, नुसता हवेत जातो. ३० किलोचे २०० सिलिंडर म्हणजे सरळ ६ टन. आर्गॉन-सीओटूचं मिश्रण असेल तर फक्त सीओटूचा वाटा घ्या.

आणि एसीचा गॅस. वर्षभरात २० किलो आर-४१०ए भरला असं धरू. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या पाचव्या अहवालातल्या मूल्यांनुसार या गॅसची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,९२४ पट आहे. २० गुणिले १,९२४ म्हणजे ३८.५ टन. दोन छोट्या सिलिंडरांत मावणारा गॅस वर्षभराच्या १५,००० लिटर डिझेलच्या तोडीस तोड! तरी डिझेलला लॉगबुक असतं, टाकीतली पातळी मोजणारा डिप असतो, सही असते, आणि गॅसला एएमसीवाल्याच्या (वार्षिक देखभालीच्या कंत्राटदाराच्या) बिलावर ‘गॅस चार्जिंग, १ नग’ एवढीच नोंद. आजच एएमसीवाल्याला सांगा की कोणत्या मशीनमध्ये कोणता गॅस किती किलो भरला, हे सिलिंडरचं आधीचं आणि नंतरचं वजन घेऊन लिहायचं. पुढच्या करारात ती अट घाला. जुन्या मशीनमधला आर-२२ वेगळ्या ओळीत दाखवायचा असतो, कारण तो क्योटो करारातल्या हरितगृह वायूंच्या यादीत नाही.

बॉयलरमध्ये उसाच्या चिपाडाच्या ब्रिकेट जाळत असाल तर त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड स्कोपच्या बाहेर स्वतंत्र दाखवतात. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप १ मध्ये येतात. ‘बायोमास म्हणजे शून्य’ असं लिहून मोकळं होऊ नका.

ऊर्जेचा तक्ता याच आकड्यांवरून बनतो. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल, म्हणजे १२ लाख युनिट ४,३२० गीगाज्यूल. डिझेलचं लिटर सुमारे ३६ मेगाज्यूल. शेवटी उलाढालीनं भागून तीव्रता काढायची, एकदा साध्या रुपयांत आणि एकदा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या क्रयशक्ती दरानं रूपांतर करून. माझं मत विचाराल तर कारखान्यातल्या माणसाला या दोन्हींपेक्षा उत्पादनाच्या टनामागची तीव्रता उपयोगी. मालाचा भाव वाढला की रुपयातली तीव्रता काही न करता सुधारते.

पायरी पाचवी: पाणी आणि कचरा

पाण्यात घेतलेलं आणि बाहेर सोडलेलं हे दोन आकडे मोजायचे. त्यांची वजाबाकी म्हणजे वापर. एमआयडीसीचं पाणी आणि टँकर ‘तिसऱ्या पक्षाकडून घेतलेलं’ या ओळीत, बोअर भूजलात. पिण्याच्या पाण्याचे जारसुद्धा धरा. ईटीपी-एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातून, निघून बागेला दिलेलं पाणी पुन्हा ‘घेतलेलं’ म्हणून मोजू नका. तो पुनर्वापर आहे, आणि ते आवाराबाहेर गेलेलं नसल्यामुळे ‘सोडलेलं’ही नाही. बोअरला मीटर नसेल तर आधी तो बसवा. पंपाचे तास गुणिले पंपाची क्षमता हा अंदाज एका वर्षापुरता खपतो, दुसऱ्या वर्षी नाही. फ्लोमीटरचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेचं घ्या आणि त्याची मुदत कॅलेंडरवर टाका.

कचऱ्यात सगळ्यात जास्त गोंधळ दोन कागदांत दोन आकडे असल्यानं होतो. घातक कचऱ्याचा वार्षिक परतावा, म्हणजे २०१६ च्या नियमांतला फॉर्म ४, दर ३० जूनपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. कचरा उचलताना फॉर्म १० चा मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचा कागद, बनतो. तपासणारा आधी फॉर्म ४ मागवेल, मग मॅनिफेस्टांची बेरीज करेल, आणि मग तुमच्या एक्सेलकडे वळेल. तिन्ही जुळायला हवेत. वर्षअखेर यार्डात पडून राहिलेला साठा हे न जुळण्याचं नेहमीचं कारण असतं. तयार झालेला आणि पाठवलेला यात फरक असतो, दोन्ही वेगळे लिहा.

भंगार कुठे गेलं हेही विचारतात. ‘रिसायकल’ या रकान्यात १०० टक्के लिहिलं असेल, तर घेणाऱ्याचं मंडळाचं संमतीपत्र आणि त्याची मुदत हाताशी ठेवा. भंगारवाल्यानं पुढे कोणाला विकलं हे माहीत नसेल तर ते १०० टक्के म्हणजे नुसती इच्छा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत. तेव्हा असा आकडा जाहिरातीत किंवा वेबसाइटवर जाण्याआधी मार्केटिंगच्या लोकांनाही थांबवा.

पायरी सहावी: माणसांचे आकडे

इथे मीटर नाही, त्यामुळे व्याख्या जपा. बीआरएसआरमध्ये ‘एम्प्लॉई’ आणि ‘वर्कर’ वेगळे, कायम आणि कायम-नसलेले वेगळे. एचआरची पगारपत्रकातली वर्गवारी याच्याशी जुळत नाही. एकदा बसून पदांची यादी करा आणि कोण कुठे हे गोठवून टाका.

अपघातांची वारंवारिता दहा लाख मनुष्यतासांमागे काढतात. ३०० माणसं, ३०० दिवस, ८ तास म्हणजे ७ लाख २० हजार तास. सुटी घ्यावी लागलेले दोन अपघात झाले, तर २ गुणिले १० लाख भागिले ७,२०,००० म्हणजे २.७८. त्यातली कायम माणसं फक्त १२० आणि तेवढेच तास धरले, पण अपघात सगळ्यांचे घेतले, तर उत्तर ६.९४ येतं. उलटंही घडतं: तास सगळ्यांचे आणि अपघात फक्त कायम कामगारांचे. अंश आणि छेद एकाच गर्दीचे हवेत. कंत्राटी कामगारांच्या ओव्हरटाइमचे तास कंत्राटदाराच्या बिलातून घ्या, बिलाला पैसे लागतात म्हणून तिथले तास सहसा खरे असतात.

फर्स्ट-एडच्या रजिस्टरला आणि ईएसआयच्या अपघात नोंदींना एकमेकांशी ताडून पाहा. वर्षभर शून्य अपघात आणि फर्स्ट-एड पेटीतलं मलमपट्टीचं सामान मात्र दर महिन्याला संपतंय, असं असेल तर तपासणाऱ्याच्या आधी तुम्हीच चौकशी करा.

महिलांना दिलेल्या एकूण पगाराचा टक्का, लहान उद्योगांकडून केलेल्या खरेदीचा वाटा, देणी किती दिवसांत चुकवली, हे आकडे अकाउंट्सकडून येतात आणि त्यांच्या लेखापरीक्षित ताळेबंदाशी जुळायला हवेत. त्यांच्यावर तुम्ही फार डोकं खपवू नका. फक्त सूत्र कोणतं वापरलं ते लिहून घ्या. सूत्रांबद्दल मतभेद झाले तर उद्योग संघटनांच्या मंचानं डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या कोअरच्या मानक टिपणीकडे बोट दाखवता येतं.

पायरी सातवी: परक्या माणसाच्या आधी घरचा माणूस

फाइल पाठवण्यापूर्वी दुसऱ्या प्लांटच्या सहकाऱ्याला तुमच्या फोल्डरसह बसवा आणि तीन आकडे निवडायला सांगा. तुम्ही काहीही न बोलता त्यानं ते कागदांवरून काढून दाखवायचे. जिथे तो अडकेल तिथे फोल्डरमध्ये काहीतरी कमी आहे.

मग महिनावार आलेख पाहा. उत्पादन शून्याच्या जवळ होतं त्या दिवाळीच्या महिन्यात वीज तेवढीच का? पावसाळ्यात टँकर का वाढले? प्रत्येक उडीला एक वाक्य लिहा. एकाच एककात लिहिलेले आकडे आहेत ना ते बघा; किलोलिटरच्या जागी लिटर, टनाच्या जागी किलो, या चुका अजूनही सगळ्यात जास्त सापडतात. एक्सेलमध्ये सूत्राच्या जागी हातानं टाइप केलेला आकडा असेल तर तो सेल रंगवा आणि शेजारी कारण लिहा. अंदाज, मोजमाप आणि गणित यांना तीन वेगळे रंग द्या. अंदाज असणं गुन्हा नाही, तो मोजमापाच्या कपड्यांत उभा करणं गुन्हा.

पायरी आठवी: तपासणी

तपासणाऱ्या संस्थेचा तुमच्या कंपनीशी हितसंबंध नसावा. जी संस्था तुमचा अहवाल लिहून देते किंवा सल्ला देते, तिनंच तो तपासायचा, हे सेबीला चालत नाही. तपासणारा चार्टर्ड अकाउंटंट असेल तर काम बहुधा त्यांच्या संस्थेच्या, आयसीएआयच्या, एसएसएई ३००० या मानकानुसार, आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसएई ३००० नुसार, आणि उत्सर्जनासाठी आयएसएई ३४१० किंवा आयएसओ १४०६४-३ नुसार होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयएसएसए ५००० हे नवं आंतरराष्ट्रीय मानक आलं आहे. ते १५ डिसेंबर २०२६ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कालावधींना लागू होईल.

खात्रीच्या दोन पातळ्या आहेत. ‘लिमिटेड’मध्ये तपासणारा म्हणतो की चूक असल्याचं दाखवणारं काही आमच्या नजरेला आलं नाही. ‘रीझनेबल’मध्ये तो म्हणतो की महत्त्वाच्या सर्व बाबतींत आकडे योग्य मांडलेले आहेत. दुसऱ्या वाक्यासाठी त्याला कितीतरी जास्त नमुने, प्लांटची भेट आणि तुमच्या यंत्रणेची तपासणी लागते. सेबीनं कोअरसाठी मुळात दुसरी पातळी मागितली होती.

प्रत्यक्षात काय घडतं? आधी यादी येते: हद्दीचं पान, एककं, गुणांकांचे स्रोत, महिनावार तक्ता. मग ते नमुने निवडतात. समजा ऑगस्टचं वीजबिल, नोव्हेंबरची डिझेल आवक, फेब्रुवारीचे तीन मॅनिफेस्ट. ते निवडतात, तुम्ही नाही. म्हणून ‘चांगला महिना’ तयार ठेवण्यात वेळ घालवू नका. प्लांटवर आले की मीटरजवळ जाऊन नंबर वाचतात, तो बिलावरच्या नंबराशी जुळवतात, ऑपरेटरला विचारतात की रीडिंग कसं घेता. त्या वेळी ऑपरेटरच्या वतीनं उत्तर देऊ नका. तो जे करतो ते त्यानंच सांगू दे, चुकत असेल तर ते आजच कळलेलं बरं. पुढे स्वतः गणित करून तुमच्या आकड्याशी ताडतात, आणि फरक त्यांनी ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर दुरुस्ती मागतात.

काही प्रश्नांना जागेवर उत्तर नसेल. ‘बघून सांगतो’ म्हणा, वहीत लिहा, दोन दिवसांत कागदासह पाठवा. जुनी तारीख टाकून नवं लॉगबुक लिहायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो मानू नका. एकाच पेनानं, एकाच अक्षरात, चहाचा एकही डाग नसलेलं बारा महिन्यांचं रजिस्टर अनुभवी माणूस दुरून ओळखतो, आणि मग तुमच्या खऱ्या कागदांवरही त्याचा विश्वास उरत नाही.

निष्कर्ष आल्यावर

बहुतेक निष्कर्ष तीन गठ्ठ्यांत बसतात: लगेच दुरुस्त होणारे आकडे, पद्धतीतले दोष आणि कागदच नसलेल्या जागा. आकडे त्याच आठवड्यात बदला आणि जुनी फाइल वेगळ्या नावानं ठेवा. पद्धतीच्या दोषांना माणूस आणि तारीख लावा. कागद नसलेल्या जागी या वर्षी तो आकडा अंदाज म्हणून जाहीर करा किंवा टिपेसह वगळा, आणि मीटर किंवा रजिस्टर लगेच सुरू करा.

मागच्या वर्षीचा आकडा चुकला होता असं कळलं तर तो गुपचूप बदलायचा नसतो. नवा आकडा, जुना आकडा आणि कारण, तिन्ही अहवालात द्यायचे. नवा प्लांट आला, जुना विकला किंवा गुणांकाची पद्धत बदलली तरी हेच. किती टक्क्यांचा फरक पडला तर पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्याशी पुढच्या वर्षांची तुलना होते ते, पुन्हा मोजायचं, ही मर्यादा आधीच ठरवून हद्दीच्या पानावर लिहून ठेवा. चूक सापडल्यानंतर ठरवायला बसलात तर मर्यादा नेमकी त्या चुकीच्या थोडी वर निघते.

पुढच्या वर्षाची पहिली नोंद ३१ मार्चच्या संध्याकाळीच होते. वीज, सोलर, डीजी, बोअर, एमआयडीसी, ईटीपी या प्रत्येक मीटरचा तारीख-वेळेसह फोटो, डिझेल टाकीचा डिप, सिलिंडरांची मोजणी आणि स्क्रॅप यार्डातला साठा. शिफ्ट इनचार्जला ही यादी आदल्या दिवशी द्या.